प्रमाणपत्रानंतरचा सोमवार

महाविद्यालयीन शिक्षकांसाठी घेतलेल्या तंत्रज्ञान-कार्यशाळेचे यश आपण चुकीच्या दिवशी मोजतो. समारोपाच्या दुपारी फीडबॅक फॉर्म भरून घेतले जातात, सहभागी ‘अतिशय उपयुक्त’ या रकान्यात खूण करतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो आणि समन्वयक अहवाल लिहायला बसतो. त्या दुपारी सगळे खूश असतात आणि मनापासून खूश असतात. पण मोजायचा दिवस तो नव्हे. मोजायचा तो नंतरचा सोमवार. शिक्षक गोंदियाला, हिंगणघाटला, तुमसरला किंवा अहेरीला परत गेलेला असतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग भरलेला असतो आणि घंटा झालेली असते. त्या तासात काही बदलले का, हा एकच प्रश्न खरा. विदर्भात अनेक वर्षे अशा कार्यशाळा घेतल्यावर माझे मत पक्के झाले आहे, की आपल्या कार्यशाळांची सारी रचना समारोपाच्या दुपारसाठी केलेली असते, सोमवारसाठी नाही. ती उलटी करायला हवी, आणि तसे करणे अवघडही नाही.

नागपूरला या कामाची परंपरा आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचा पसारा एके काळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडभर होता. १९८३ मध्ये अमरावती वेगळे झाले, २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आले, आणि आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे आहेत. तरी प्रशिक्षणासाठी या हद्दीपलीकडची माणसेही नागपूरलाच येतात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून देशभर अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. नागपूर विद्यापीठातही ते उभे राहिले. पुढे त्याचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले, २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र झाले. नावे बदलली तरी मूळ कल्पना मोठी होती. नव्याने लागलेल्या अधिव्याख्यात्याला चार आठवडे रोजच्या तासांतून मोकळे करायचे, वेगवेगळ्या विषयांच्या माणसांत बसवायचे आणि शिकवणे म्हणजे काय यावर विचार करायला लावायचे. पुढे आपापल्या विषयाचा तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. पदवी महाविद्यालयात शिकवायला कुठलेही अध्यापन-प्रशिक्षण सक्तीचे नसलेल्या देशात ही सोय फार मोलाची होती. शाळेतल्या शिक्षकाला डी.एड., बी.एड. लागते, महाविद्यालयात मात्र विषय येतो म्हणजे शिकवताही येते असे आपण गृहीत धरले. ते गृहीतक स्टाफ कॉलेजांनी पहिल्यांदा अधिकृतपणे बाजूला ठेवले.

पण याच सोयीला पदोन्नती जोडली गेली. कॅसच्या, म्हणजे पदोन्नती योजनेच्या, फायलीत ओरिएंटेशन आणि रिफ्रेशरची प्रमाणपत्रे लागतात, हे प्रत्येक प्राध्यापकाला पाठ असते. या जोडणीला सरसकट नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. ती नसती तर आले नसते असे अनेक चांगले शिक्षक केवळ पदोन्नतीसाठी आले, आणि आल्यावर रमले. मला आक्षेप आहे तो प्रमाणपत्र कशासाठी मिळते यावर. ते मिळते हजेरीसाठी. किती दिवस बसलात, किती सत्रांना होतात, शेवटची चाचणी दिलीत का, एवढेच त्यात नोंदवले जाते. शिक्षकाने स्वतःच्या वर्गात काय केले याला प्रमाणपत्रात जागाच नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकपुढे मांडायच्या माहितीतही वर्षभरात किती शिक्षकांनी अशी प्रशिक्षणे घेतली याचा आकडा असतो. प्राचार्यांना आकडा हवा, शिक्षकाला कागद हवा, केंद्राला उद्दिष्ट पूर्ण करायचे. या तिघांची गरज भागते ती समारोपाच्या दुपारीच. सोमवारी कुणाचीच गरज उरत नाही. उरते ती फक्त विद्यार्थ्याची, आणि त्याला कुणी विचारलेले नसते.

२०२० च्या टाळेबंदीत या रचनेचे टोक आपण सर्वांनी पाहिले. मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि एप्रिलपासून वेबिनारांची आणि ऑनलाइन प्रश्नमंजुषांची लाट आली. वीस प्रश्न सोडवा, चाळीस टक्के मिळवा, ई-प्रमाणपत्र ई-मेलवर येईल, असे संदेश दिवसाला डझनाने फिरत. त्याच महिन्यांत याच शिक्षकांना झूमवर वर्ग कसा घ्यावा, गूगल क्लासरूममध्ये गृहपाठ कसा लावावा, हे खरोखर शिकायचे होते. विद्यार्थी शेतातून, झाडाखालून, घरातल्या एकाच मोबाइलवर तास ऐकत होते. तंत्रज्ञानाची एवढी खरी निकड आपल्या उच्च शिक्षणाने आधी कधी अनुभवली नव्हती. त्या काळात जे शिक्षक खरेच शिकले, ते एकमेकांना फोन करून शिकले. रात्री दहाला एखाद्या मॅडमचा फोन येई, ‘सर, ऐका ना, माझी स्क्रीन शेअर होऊन नाही राहिली.’ दहा मिनिटांत काम होई आणि ते त्या जन्मभर विसरणार नसत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांचा तास असे. शिकणे आणि शिकवणे यांच्यात एका रात्रीचे अंतर होते. कार्यशाळा कशी असावी, याचा सगळ्यात मोठा पुरावा मला त्या फोनांत दिसतो.

नवे यंत्र आले की शिक्षण बदलेल, ही आशा शंभर वर्षांची आहे. १९२२ मध्ये एडिसनला वाटत होते, की चलच्चित्र पाठ्यपुस्तकाची जागा घेईल. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये ‘साइट’ हा उपग्रह-दूरदर्शनचा भव्य प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत झाला. त्यात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही होते. १९८४ च्या स्वातंत्र्यदिनापासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाला. २००४ मध्ये एज्युसॅट हा उपग्रह गेला, २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले. लॅरी क्यूबन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्येच ‘टीचर्स अँड मशिन्स’ या पुस्तकात हे चक्र मांडून ठेवले होते: आधी उत्साह, मग पाहणी अहवाल, मग निराशा, आणि शेवटी शिक्षकावर खापर. यातला शेवटचा टप्पा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. ‘आपले प्राध्यापक बदलायलाच तयार नाहीत’ हे वाक्य मी मंत्रालयातून आलेल्या पाहुण्यांकडून ऐकले आहे, संस्थाचालकांकडून ऐकले आहे आणि दुर्दैवाने रिसोर्स पर्सन म्हणून येणाऱ्यांकडूनही ऐकले आहे. कार्यशाळेच्या खोलीत मला जे दिसते ते याच्या अगदी उलट आहे.

काय दिसते, ते सांगतो. मराठीच्या प्राध्यापकांचे उदाहरण अगदी ठरलेले आहे, कारण तशी माणसे जवळजवळ प्रत्येक तुकडीत असतात. त्यांनी तीस वर्षे नोट्स लिहिल्या, प्रश्नपत्रिका काढल्या, प्रबंधांना मार्गदर्शन केले. हे सगळे टंकित झाले ते कृतिदेव किंवा श्रीलिपीत, बहुतेक वेळा गावातल्या डीटीपी करणाऱ्याकडून. या प्राध्यापकांपैकी काही स्वतः टायपिंगची परीक्षा पास झालेले, बोटांना रेमिंग्टनची कळपाटी बसलेली. त्यांना आपण गूगल फॉर्म शिकवायला बसवतो. ते मोठ्या हौसेने वीस प्रश्नांची चाचणी जुन्या फाइलमधून उचलून फॉर्ममध्ये चिकटवतात, आणि समोर येते रोमन अक्षरांची निरर्थक माळ. त्या क्षणी खोलीतला संगणकाचा माणूस म्हणतो, ‘सर, फाँटचा प्रॉब्लेम आहे, तुम्ही इंग्लिशमध्ये टाका.’ मराठीच्या प्राध्यापकाला! त्यांचा त्या यंत्रावरचा विश्वास तिथेच संपतो, आणि त्याला आपण ‘बदलाला विरोध’ असे नाव देतो.

खरे तर युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. इन्स्क्रिप्ट कळपाटी विंडोजमध्येच असते, मोबाइलवर मराठी बोलून टंकता येते, जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत. या प्राध्यापकांना पहिल्या दिवशी दुसरे काहीही न शिकवता, फक्त त्यांची स्वतःची एक जुनी फाइल युनिकोडमध्ये आणून दिली, त्यातली जोडाक्षरे कुठे तुटतात आणि ती कशी तपासायची एवढे दाखवले, तर पुढचे सारे ते आपणहून मागतात. तीस वर्षांची शिदोरी एकदम हाताशी येते. ती शोधता येते, विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पाठवता येते. संशोधनाच्या बाजूनेही हा प्रश्न फार गंभीर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याची तपासणी सक्तीची केली, ‘शोधशुद्धी’ या उपक्रमातून विद्यापीठांना त्यासाठीची सॉफ्टवेअर मिळाली. पण जुन्या फाँटमधल्या प्रबंधाचा मजकूर त्या यंत्राला मराठी म्हणून वाचताच येत नाही. मग साम्य सापडणार कुठून? प्रामाणिक संशोधक आणि नक्कल करणारा दोघेही सारखेच स्वच्छ ठरतात. मराठीतल्या ज्ञानव्यवहाराची प्रतिष्ठा ज्यावर टिकून आहे असा हा विषय, आणि तंत्रज्ञान-कार्यशाळांच्या वेळापत्रकात त्याला क्वचितच एखादे सत्र मिळते, कारण वेळापत्रक साधनांच्या यादीवरून बनते, समोर बसलेल्या माणसांवरून बनत नाही.

साधनांची यादी हेच या क्षेत्राचे दुखणे आहे. पाच दिवसांत बारा साधने: फॉर्म, क्लासरूम, कॅनव्हा, पॅडलेट, काहूट, मूडल, झोटेरो, मेंडेले वगैरे, आणि आता चॅटजीपीटी. प्रत्येकाचे खाते उघडा, एक नमुना बनवा, पुढे चला. इतिहासाचा आणि रसायनशास्त्राचा शिक्षक शेजारी बसून एकच काम करतात. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेला विचार आता सर्वत्र परिचित आहे: तंत्राचे ज्ञान, विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे ज्ञान ही तीन वेगळी नाहीत; शिक्षकाचे कौशल्य ती एकमेकांत मिसळतात तिथे असते. आपल्या कार्यशाळांच्या उद्घाटनपर भाषणांत याचा उल्लेख असतो. त्यानंतरची सत्रे मात्र निव्वळ तंत्राची.

विषयापासून सुरुवात केली तर काय होऊ शकते, यासाठी नागपूरसारखे शहर नाही. भूगोलाच्या शिक्षकांचे घ्या. महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर या शहरात, व्हीएनआयटीच्या परिसरात आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय अमरावती रोडवर आहे, म्हणजे विद्यापीठाच्या परिसराच्या वाटेवरच. केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथे, पर्यावरणाची ‘नीरी’ १९५८ पासून इथे. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ कुणालाही उघडता येते, क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर मोफत आहे. भंडारा जिल्ह्यातल्या भूगोल शिक्षकाने गोसीखुर्द धरणाचा जलाशय भरत गेला त्या वर्षांतली उपग्रहचित्रे एकावर एक ठेवून विद्यार्थ्यांना दाखवली, तर त्या वर्गातल्या काही मुलांना पडद्यावर आपले बुडालेले शेत दिसेल. जमिनीच्या वापरातला बदल हा अभ्यासक्रमातला घटक तिथे आयुष्यभरासाठी कळतो. असा एक पाठ पाच दिवसांत तयार झाला तर ती कार्यशाळा यशस्वी झाली. बारा साधनांची खाती उघडून एकही पाठ तयार झाला नाही, तर ती वाया गेली, फीडबॅक कितीही गोड असो.

विज्ञानाचेही तसेच. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही आभासी प्रयोगांची मालिका २००२ पासून आहे. ती मोफत आहे, तिच्यातले अनेक प्रयोग मराठीत आहेत, आणि ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. शेवटची गोष्ट भामरागड किंवा देवरीच्या महाविद्यालयासाठी निर्णायक आहे. ‘सर, तुम्ही सांगता ते सगळं बरोबर आहे, पण आमच्याकडे नेटच राहत नाही,’ हे वाक्य प्रत्येक कार्यशाळेत येते आणि शहरातला प्रशिक्षक ते सबब म्हणून ऐकतो. ती सबब नाही, ती पाठ-आराखड्याची पहिली अट आहे. जे पेन ड्राइव्हवर नेता येते, प्रोजेक्टर बंद पडला तर चार मोबाइलवर चालते, वीज गेली तर फळ्यावर पुढे नेता येते, तेच इथले योग्य तंत्रज्ञान. अशी बांधणी शिकवणे हे साधन शिकवण्याहून अवघड आहे आणि त्यासाठीच तज्ज्ञ माणूस लागतो.

साधन शिकण्यासाठी माणसांना एका खोलीत आणण्याची गरज आता उरलेलीच नाही. आयआयटी मुंबईतल्या प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने हे सिद्ध केले आहे. सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ, अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर, पाहत पाहत करत जायचे. आणि आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. लिबरऑफिस असो वा लाटेक्, शिकणाऱ्याला शेजारी तज्ज्ञ लागत नाही. त्याच संस्थेत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम झाला. त्यात मुंबईतून थेट व्याख्याने होत, पण देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, नागपुरातल्या काही महाविद्यालयांतही, दूरस्थ केंद्रे होती आणि प्रत्येक केंद्रावर आधी तयार केलेला स्थानिक समन्वयक होता. प्रयोगशाळेत शेजारी उभे राहून मदत करणारा माणूस तोच. व्याख्यान दुरून देता येते, सोबत मात्र जवळूनच करावी लागते, हे त्या रचनेने ओळखले होते. आज आपण बरोबर याच्या उलट करतो: जे दुरून होऊ शकते त्यासाठी माणसांना गावाहून बोलावतो, आणि ज्यासाठी सोबत हवी त्या वेळी त्यांना एकटे सोडतो.

ती वेळ म्हणजे परत गेल्यानंतरचे पहिले सत्र. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० पासून शिक्षक-प्रशिक्षणावर जे काम केले त्याचे सार असे: नुसता सिद्धान्त ऐकून, प्रात्यक्षिक पाहून, अगदी कार्यशाळेत सराव करूनही नवी पद्धत वर्गात फारशी उतरत नाही, ती उतरते सहकाऱ्याच्या सोबतीने, वर्गात करून पाहिल्यावर लगेच कुणाशी तरी बोलता आल्याने. माझा अनुभव याला शब्दशः दुजोरा देतो. ज्या महाविद्यालयांतून दोघे-तिघे एकत्र आले, तिथे वर्षभरानंतरही काही ना काही चालू असलेले दिसले. जिथून एकटा आला, तो हुशार असो, उत्साही असो, काही आठवड्यांत पूर्वीच्या वाटेवर गेला. पहिल्याच तासाला प्रोजेक्टर चालला नाही, मुलांनी गोंधळ केला, अभ्यासक्रम मागे पडला, विभागप्रमुखांनी विचारले, ‘हे काय चाललंय?’ आणि ‘पुढच्या वेळी असं करून बघ’ म्हणायला कुणी नव्हते.

म्हणून माझे म्हणणे थेट आहे. कार्यशाळा दोन भागांत घ्या. पहिला भाग तीन दिवसांचा, केंद्रावर, विषयवार. त्यात प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या अभ्यासक्रमातला एकच घटक निवडून त्याचा पाठ बांधायचा. दुसरा भाग त्याच्या महाविद्यालयात, पुढच्या सत्रात: तो पाठ प्रत्यक्ष वर्गात घ्यायचा, एका सहकाऱ्याने मागे बसून पाहायचा, विद्यार्थ्यांनी केलेले काम जपून ठेवायचे, आणि महिन्याभराने केंद्रातल्या मार्गदर्शकाशी व्हिडिओवर अर्धा तास बोलायचे. प्रमाणपत्र त्यानंतर. पदोन्नतीचा संबंध तसाच ठेवा, तो कामाचा आहे. फक्त तो हजेरीपासून सोडवून वर्गातल्या कामाशी जोडा.

यावर पहिला आक्षेप येतो, की एवढ्या शिक्षकांच्या मागे कोण फिरणार. फिरायचे नाहीच. प्रत्येक तालुक्यात आधीच्या तुकड्यांतून तयार झालेले शिक्षक आहेत. त्यांना ओळख द्या, कामाचे श्रेय द्या, त्यांचे चार तास कमी करा. नागपूरहून जाणाऱ्या तज्ज्ञापेक्षा साकोलीच्या शिक्षकाला लाखनीचा शिक्षक जास्त उपयोगी पडतो, कारण दोघांची मुले सारखी, अडचणी सारख्या आणि बसही एकच. दुसरा आक्षेप असा, की शिक्षक खोटे अहवाल देतील. काही देतील. आज हजेरीच्या वहीतही खोटेपणा होतोच. निदान नव्या रचनेत प्रामाणिक शिक्षकाच्या हातात दाखवण्याजोगे काही असेल.

या साऱ्या चर्चेत एक वर्ग असा आहे, की जो खोलीतच नसतो. महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत कितीतरी पदे रिकामी आहेत आणि त्यांवरचे तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात, ज्यांना आपण सीएचबी म्हणतो. अनेक विभागांत पहिल्या वर्षाचा जवळजवळ सगळा भार त्यांच्यावर असतो. नियम त्यांना प्रशिक्षणाला मज्जाव करत नाहीत. पण त्यांना मानधन घेतलेल्या तासाचे मिळते. कार्यशाळेला आले की तास बुडतो आणि पैसेही बुडतात. ड्युटी लीव्ह नाही, पदोन्नती नाही, पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही. तरी त्यांच्यातली काही मुलेमुली येतात, पदरचे भाडे खर्चून, मागच्या बाकावर बसून, आणि बहुतेक वेळा तीच सर्वांत पुढे असतात. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली, मोबाइलवर स्वतःच व्हिडिओ संपादित करणारी ही पिढी आहे. कायम शिक्षक आणि सीएचबी शिक्षक यांची जोडी लावली, तर एकाचा विषयातला अनुभव आणि दुसऱ्याची तंत्रावरची सफाई एकत्र येते. ज्या एक-दोन ठिकाणी हे जमले तिथले पाठ मला सर्वांत कसदार वाटले. पण त्यासाठी त्यांना कार्यशाळेच्या दिवसांचे मानधन द्यावे लागेल. प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतावर, फ्लेक्सवर आणि स्मृतिचिन्हांवर होणारा खर्च वाचवला, तरी त्यातला काही भाग सुटेल. जो सर्वांत जास्त तास घेतो त्यालाच प्रशिक्षणातून वगळायचे आणि मग गुणवत्ता का वाढत नाही म्हणून परिषदा भरवायच्या, हे मला असह्य होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल दोन शब्द, कारण आता प्रत्येक निमंत्रणपत्रिकेत ती असते. नोव्हेंबर २०२२ अखेर चॅटजीपीटी आले आणि त्यानंतरच्या काळात साधनांची यादी दुप्पट झाली. त्या यादीवर आधारलेली कार्यशाळा सहा महिन्यांत शिळी होते. टिकणारा प्रश्न वेगळा आहे. विद्यार्थी गृहपाठ यंत्राकडून लिहून आणतो, तेव्हा अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कशाला द्यायचे? उत्तरे शोधायला फार दूर जावे लागत नाही. वर्धा जिल्ह्यातला वाणिज्यचा विद्यार्थी आपल्या गावातल्या कापूस-खरेदीचे भाव स्वतः नोंदवून आणतो, शिक्षक त्याला त्यावर तोंडी चार प्रश्न विचारतो, यंत्राने दिलेले विश्लेषण आणि त्याची वही शेजारी ठेवून कुठे काय चुकले ते तो समजावतो. असा गृहपाठ रचता येणे हे शिक्षणाचे कौशल्य आहे, तंत्राचे नाही. आणि ते शिकायला विषयाचे चार शिक्षक एका टेबलाभोवती बसावे लागतात. वर्गात साठ-सत्तर मुले असताना तोंडी परीक्षा कशी घ्यायची, हा खरा अडथळा आहे. त्यावर खल व्हायला हवा. कुठले यंत्र किती सेकंदांत पीपीटी बनवते, यावर नको.

‘आता यूट्यूबवर सगळे आहे, कार्यशाळा कशाला?’ असेही विचारले जाते. साधनांपुरते ते बरोबर आहे, हे मी वर मान्य केलेच आहे. पण स्टाफ कॉलेजाच्या वसतिगृहात रात्री जेवणानंतर वेगवेगळ्या जिल्ह्यांतले शिक्षक आपापल्या वर्गांबद्दल बोलत, तेव्हा जे घडत असे ते कुठल्या व्हिडिओत नाही. गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या मुलांना पुस्तकी मराठी कशी जड जाते, गोंदियाच्या सीमेवरच्या मुलांची हिंदी उत्तरपत्रिकेत कशी डोकावते, हे ऐकताना नागपूर शहरातला प्राध्यापक पहिल्यांदा आपल्या विद्यापीठाच्या परिसराचा खरा नकाशा पाहत असे. ऑनलाइन अभ्यासक्रमांनी हे पुष्कळसे संपवले. सोय झाली, खर्च वाचला, ज्यांना घर सोडता येत नाही अशा शिक्षिकांना दार उघडले. ही शेवटची गोष्ट मोठी आहे आणि ती राखलीच पाहिजे. तरी सगळेच ऑनलाइन करून टाकणे ही हानी आहे. पहिले तीन दिवस प्रत्यक्ष आणि पुढचे काम दुरून, अशी वाटणी केली तर दोन्ही साधते.

मालवीय मिशनच्या केंद्रांना, विद्यापीठांना आणि विशेषतः प्राचार्यांना माझी विनंती आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षात प्रत्येक महाविद्यालयातून एकटा शिक्षक पाठवू नका, एकाच विषयाचे दोघे पाठवा, आणि त्यातला एक सीएचबी असू द्या. ते परत आल्यावर त्यांच्या वेळापत्रकात आठवड्याला एक सामाईक मोकळा तास ठेवा. महिन्यातून एकदा त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. आणि केंद्राने प्रमाणपत्र पाठवण्याआधी त्या वर्गातल्या दहा विद्यार्थ्यांचे काम मागवून घ्यावे. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा शासन निर्णय लागत नाही.